एका प्रवासी यंत्राची कैफियत

मोटारसायकलींच्या कुळात ‘स्पोर्ट टूरर’ म्हणून जी एक जात आहे, तिच्या जन्मातच दोन परस्परविरोधी मागण्यांचा तह झालेला आहे. शर्यतीच्या यंत्राने हलके असावे, चपळ असावे, आणि एका दुपारच्या पराक्रमानंतर ते संपूर्ण खोलून पुन्हा जुळवावे लागले तरी कोणाची तक्रार नसावी. उलट प्रवासाच्या यंत्राने सामानसुमानासह आणि मागे बसलेल्या माणसासह दिवसभर निमूटपणे चालावे, आणि दुसऱ्या दिवशी भर थंडीत बटण दाबताक्षणी सुरू व्हावे, ही अपेक्षा. १९७६ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आपल्या आर१००आरएस या गाडीला, इटलीतील पिनिनफारिनाच्या वायुबोगद्यात पारखून घडवलेले पूर्ण कवच चढवले, तेव्हा हा तह कारखान्याच्या शिक्क्यानिशी अमलात आला असे मानण्यास हरकत नाही. परंतु त्या तहातली कोणती कलमे पाळली गेली आणि कोणती मोडली गेली, हे नव्या गाडीकडे पाहून कधीच कळत नाही. ते कळते दहा-पंधरा वर्षांनी, ती गाडी दुसऱ्या-तिसऱ्या धन्याच्या दारात येऊन उभी राहिल्यावर. म्हणून या जातीचा खरा इतिहास जाहिरातींत किंवा शर्यतींच्या निकालांत न शोधता, वापरलेल्या गाड्यांच्या दोषांत आणि त्या दोषांवर धन्यांनी केलेल्या इलाजांत शोधावा, असे माझे मत आहे. आणि त्यासाठी होंडाच्या व्ही-चार इंजिनाच्या घराण्याचे दप्तर जितके सलग आहे तितके दुसरे माझ्या पाहण्यात नाही.

हे घराणे रस्त्यावर अवतरले १९८२ साली, आणि त्याचा नामांकित पुरुष म्हणजे पुढच्याच वर्षीची व्हीएफ७५०एफ. पुढे दोन आणि मागे दोन असे चार सिलिंडर एकमेकांशी नव्वद अंशांचा कोन करून बसवलेले, प्रत्येकास चार व्हॉल्व्ह, पाण्याने थंड होणारे ७४८ घन सेंटिमीटरचे इंजिन. या मांडणीने चार सिलिंडरांचे बळ दोन सिलिंडरांच्या रुंदीत सामावले, शिवाय नव्वद अंशांच्या कोनामुळे पिस्टनांचे हादरे पुष्कळसे परस्परांतच जिरले, त्यामुळे दूरच्या प्रवासात हाताला येणाऱ्या मुंग्या जवळजवळ नाहीशा झाल्या. कागदावर याहून निर्दोष यंत्र दाखवणे कठीण होते. पण रस्त्यावर काही हजार मैल झाले की डोक्याच्या भागातून टकटक ऐकू येऊ लागे, आणि झाकण काढून पाहावे तो कॅमच्या उंचवट्यांवर, जेथे कडक पोलादाची आरशासारखी चकाकी असावयाची तेथे, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखे बारीक खड्डे पडलेले दिसत. इंग्लंडातील स्वारांनी या कॅमना ‘चॉकलेटचे कॅम’ असे नाव ठेवले. कारणांविषयी मतमतांतरे होती: कोणी म्हणे डोक्यापर्यंत पोहोचणारे तेल अपुरे, कोणी म्हणे कॅमचे दांडे ज्या बैठकीत फिरतात तिच्यातच उत्पादनाच्या घाईमुळे फट जास्त राहिलेली, त्यामुळे दांडा उचलला जाऊन तेलाचा पडदा तुटतो. होंडाने सुटे भाग एकदा बदलले, पुन्हा बदलले; कारखान्याचा धीर सुटलेल्या धन्यांनी मात्र बाहेरच्या कारागिरांनी बनवलेल्या तांब्या-पितळेच्या नळ्या जोडून स्वच्छ तेल थेट डोक्यात नेण्याची तजवीज केली. व्ही-चार घराण्याच्या इतिहासात धन्याने कारखान्याची चूक आपल्या हाताने निस्तरल्याचा हा पहिला प्रसंग. पुढे त्याची परंपराच पडली.

विलक्षण गोष्ट अशी की याच काळात याच घराण्याच्या गाड्या अमेरिकेत शर्यती जिंकत होत्या. फ्रेड मर्केल याने १९८४, १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ तीन वर्षे तेथील सुपरबाइक अजिंक्यपद होंडासाठी मिळवले, आणि त्याच वेळी त्याच देशातील सामान्य गिऱ्हाईक आपल्या गाडीचे कॅम हमीत बदलून मिळावेत म्हणून दुकानाचे उंबरठे झिजवत होते. शर्यतीच्या विजयावरून गाडी निवडणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जकातीचाही फेरा होताच: हार्ली-डेव्हिडसनला संरक्षण द्यावे म्हणून १९८३ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ७०० घन सेंटिमीटरहून मोठ्या परदेशी मोटारसायकलींवरील जकात ४.४ टक्क्यांवरून एकदम ४९.४ टक्क्यांवर नेली, आणि ती दर वर्षी उतरत जावी असा हुकूम केला. होंडाने त्यावर उपाय म्हणून त्याच गाडीची किंचित लहान इंजिनाची आवृत्ती काढली; त्यामुळे आजही अमेरिकेत त्या काळातील ७०० ची जुनी गाडी समोर आली की सुटे भाग कोणते जुळतात आणि कोणते नाहीत, याचा घोळ निस्तरावा लागतो. जकात उठून जमाना झाला, पण तिची किंमत वापरलेल्या गाडीचा धनी अजून भरतो आहे.

१९८६ साली व्हीएफआर७५०एफ आली ती प्रायश्चित्त म्हणूनच. कॅम फिरवण्यासाठी साखळी न वापरता दातेरी चक्रांची रांग बसवली गेली. ही रचना खर्चिक, वजनदार आणि वास्तविक शर्यतीच्या यंत्रांना शोभणारी, पण बदनामी धुऊन काढण्यासाठी होंडाने पैशाकडे पाहिले नाही. त्या चक्रांच्या घुमण्याचा जो एक बारीक, सलग सूर निघतो, तो ऐकण्यासाठी म्हणून या गाड्या विकत घेणारी माणसे आहेत. इंजिन इतके टिकाऊ निघाले की लाख मैल धावलेल्या गाडीचे झाकणही न उघडल्याच्या हकिकती सांगितल्या जातात, आणि त्या सर्वच अतिशयोक्त असतील असे मला वाटत नाही.

परंतु माणसांप्रमाणे कारखान्यांचेही असे होते की जेथे अब्रू गेली तेथेच ते सारी शक्ती ओततात, आणि जेथे कोणी बोट दाखवलेले नाही तो कोपरा तसाच राहतो. व्हीएफआरच्या बाबतीत हा कोपरा बाजूच्या झाकणाआड, वाऱ्याचा झोत पोहोचत नाही अशा जागी होता, आणि तेथे तळहाताएवढी एक धातूची डबी बसवलेली होती. तिचे नाव रेग्युलेटर-रेक्टिफायर. इंजिनाच्या दांड्यावर चुंबक फिरतात, त्यांच्या सान्निध्यात तांब्याच्या तारांची गुंडाळी असते, तिच्यातून तीन पिवळ्या तारांवाटे प्रत्यावर्ती वीज बाहेर पडते. ती एकदिश करून बॅटरीस योग्य त्या दाबाने पोहोचवणे हे या डबीचे काम. आता चुंबक स्थायी असल्यामुळे गुंडाळी आपली वीज कमी-जास्त करू शकत नाही. इंजिन वेगाने फिरले की ती गरज असो वा नसो, पूर्ण क्षमतेने वीज देत राहते, आणि जी वीज गाडीला नको आहे ती जमिनीकडे वळवून, म्हणजे मुद्दाम शॉर्ट करून, उष्णतेच्या रूपाने उधळून टाकणे हे काम याच डबीवर सोपवलेले. म्हणजे प्रवासाच्या यंत्रात जे अंग रात्रंदिवस तापत राहणार, त्याचीच नेमणूक जेथे वारा लागत नाही तेथे झाली. ही व्यवस्था काही एकट्या होंडाची नव्हे, त्या काळच्या बहुतेक जपानी गाड्यांची हीच रीत होती; पण व्हीएफआरच्या बाबतीत तिचे परिणाम इतक्या नियमाने दिसले की जुन्या व्हीएफआरची गोष्ट निघाली आणि रेक्टिफायरचे नाव निघाले नाही असे सहसा होत नाही.

हा दोष जवळून पाहण्यासारखा आहे. बाजूचे झाकण काढून पिवळ्या तारांची जोडणी शोधावी; मुळात पांढरे असलेले तिचे प्लास्टिक पुष्कळ गाड्यांत तपकिरी झालेले, किंचित वितळून एका अंगाला कललेले असते, आणि दोन्ही भाग ओढून वेगळे करताना त्याचा तुकडा हातात येतो. आतील पितळी पात्यांपैकी एखादे काळे ठिक्कर. त्या पात्याची पकड सैल झाली की तेथे विजेला अडथळा होतो, अडथळ्याने उष्णता, उष्णतेने पकड आणखी सैल, असे ते दुष्टचक्र कोणाच्या ध्यानीमनी नसताना महिनोन्‌महिने चालू असते. शेवटी डबी दोहोंपैकी एका रीतीने मरते: एक तर बॅटरीस वीज पोहोचेनाशी होते आणि गाडी घरापासून दूर, बहुधा पावसात, बंद पडते, नाहीतर तिचा अंकुश सुटून बॅटरीवर सोळा-सतरा व्होल्टांचा मारा होतो, तिच्यातील आम्ल उकळते आणि दिव्यांचे गोळे एकामागून एक उडतात. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण त्यात गाडी चालू असते.

या एका डबीभोवती धन्यांची केवढी विद्या जमा झाली, हे पाहिले म्हणजे आदर वाटतो. आरंभी लोकांनी पंख्याच्या पात्यांसारखे उंचवटे असलेली मोठी डबी मिळवून बसवली, आणि पुढे कारखान्यानेही तोच मार्ग पत्करला. कोणी तिच्याखाली ॲल्युमिनियमचा जाड पत्रा घातला, कोणी ती उचलून वाऱ्याच्या झोतात आणली, कोणी बॅटरीकडे जाड तारा स्वतंत्रपणे नेल्या आणि जोडणीचे प्लास्टिक काढून टाकून तेथे सरळ झाळण दिले. नंतर मॉस्फेट जातीच्या डब्या निघाल्या. शिंडेन्गेन या जपानी कंपनीने यामाहाच्या मोठ्या गाड्यांसाठी बनवलेली एफएच मालिकेतील डबी जुन्या होंडात बसवण्याची जी वहिवाट पडली, तिच्यात एका कारखान्याचा दोष दुसऱ्या कारखान्याच्या मालाने निवारण्याची मौज आहे. मॉस्फेटमध्ये विजेच्या वाटेवरील घट कमी, म्हणून डबी कमी तापते. गुंडाळी मात्र पूर्वीइतकीच राबत राहते. गुंडाळीलाही विसावा द्यावयाचा तर वीज शॉर्ट न करता तिचा मार्गच तोडणारी, सीरिज जातीची डबी हवी. येथे एक गैरसमज नोंदवून ठेवतो. पुष्कळांना वाटते की एलईडी दिवे लावून विजेचा खर्च कमी केला म्हणजे जुन्या डबीचा भार हलका होईल. वस्तुतः जुन्या पद्धतीत गाडीने न घेतलेली वीज डबीलाच पचवावी लागते, तेव्हा काटकसरीने तिची सुटका होत नाही. ज्याला हातांच्या मुठी तापवणारे वेष्टन आणि अंगात तापणारे जाकीट वापरावयाचे आहे, त्याच्यापाशी एलईडीने वाचवलेले वॅट कामी येतात, ही गोष्ट वेगळी.

गुंडाळी जळाली तर युरोप-अमेरिकेतील धनी बहुधा नवी मागवतात. आपल्याकडे मात्र जळकी गुंडाळी खोलून, तीच पोलादी चाकी राखून, तिच्यावर तांब्याची नवी तार भरून देणारे वाइंडिंगवाले जुन्या बाजारपेठांतून अजून सापडतात. पंपाची मोटर असो की मोटारसायकलची कॉइल, त्यांच्या हाताला दोन्ही सारखीच. वेढ्यांची संख्या आणि तारेची जाडी मूळ गुंडाळीबरहुकूम ठेवली, आणि उष्णता सोसणारे वार्निश नीट मुरू दिले, तर असे काम नव्यापेक्षा कमी टिकते असे म्हणण्याचे कारण नाही. वार्निश वाळण्यापूर्वीच गाडी ताब्यात मागणारे गिऱ्हाईक हाच या धंद्याचा खरा शत्रू.

व्हीएफआरच्या समकालीन गाड्यांचीही याच धर्तीची दप्तरे आहेत. कावासाकीची १९८६ ची जीटीआर१०००, जिला अमेरिकेत कॉनकोर्स म्हणतात, तिच्या कार्बोरेटरातील तरंगत्या झडपेने दगा दिला तर उभ्या गाडीत पेट्रोल हळूहळू सिलिंडरात उतरते. सकाळी धनी बटण दाबतो तेव्हा पिस्टन द्रवावर आदळतो, आणि द्रव दबत नसल्यामुळे पिस्टनचा दांडा वाकतो. त्यावर उपाय म्हणून पेट्रोलचा नवा कॉक आणि जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळ्या बसवण्याचा प्रघात पडला. होंडाच्याच एसटी११०० या भारी प्रवासी गाडीचे आरंभीचे विद्युत्‌जनित्र २८ अँपियरचे होते. पुढे कारखान्याने ४० अँपियरचे दिले, आणि जुन्या गाडीत नवे जनित्र बसवणे हा तिच्या धन्यांचा मोठाच उद्योग होऊन बसला. कारखान्याने प्रवासाचा भार कमी धरला आणि धन्याने तो वाढवून घेतला, हीच कथा पुन्हा.

१९९० साली व्हीएफआरला मागील चाक एकाच बाजूने धरणारा बाहू मिळाला. ही कल्पना फ्रान्सच्या एल्फ या तेल कंपनीने सहनशक्तीच्या शर्यतींसाठी केलेल्या प्रयोगांतून होंडाकडे आलेली. शर्यतीत चाक चटकन बदलता यावे हा तिचा हेतू, आणि प्रवाशाला तिचा उपयोग पंक्चर काढताना. दिसावयास तो बाहू फारच देखणा. पण साखळी ताणण्यासाठी त्याच्यात जी विकेंद्री बैठक आहे, ती ग्रीसविना राहिली आणि थंड देशांतील रस्त्यांवर हिवाळ्यात टाकले जाणारे मीठ तिच्यात शिरले, की ती अशी काही धरून बसते की साखळी ताणणे अशक्य होते. गाडी विकणारा साखळी नुकतीच बदलल्याचे अभिमानाने सांगतो तेव्हा ही बैठक फिरते की नाही, हे किल्ली लावून पाहावे. स्प्रिंगांचे म्हणाल तर पुढच्या फोर्कच्या आणि मागच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगा मुळातच मवाळ, हलक्या माणसाच्या बेताच्या. दोन माणसे आणि दोन पेट्या घेऊन वळण घेताना गाडी डुलते. कडक स्प्रिंगा आणि नवा शॉक हा या गाडीवर केलेला सर्वांत फलदायी खर्च, आणि दुर्दैवाने सर्वांत उशिरा केला जाणारा, कारण लोक आधी धुराडे बदलतात.

१९९८ साली इंजिन ७८१ घन सेंटिमीटरचे झाले, कार्बोरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आले, आणि पुढचे-मागचे ब्रेक एकमेकांशी जोडले गेले. पुढचा ब्रेक दाबला की डाव्या कॅलिपरची किंचित हालचाल होऊन ती एका दुय्यम सिलिंडरला दाबते आणि त्यातून मागच्या चाकाला ब्रेक लागतो, अशी ती युक्ती. नव्या गाडीत ती उत्तम चालते. वीस वर्षांच्या गाडीत त्या कॅलिपरचे बिजागर कोरडे पडलेले, ब्रेकचे तेल काळवंडलेले, आणि हवा काढण्याचा क्रम इतका लांबलचक की पुष्कळ मेकॅनिक तो अर्ध्यावर सोडतात. त्यामुळे मागचा ब्रेक घासत राहतो आणि धन्याला वाटते गाडी म्हातारी झाली. काही जण ही जोडणी तोडून ब्रेक स्वतंत्र करून घेतात. मला हा उपाय पसंत नाही. जे यंत्र नीट ठेवले असता उत्तम चालते, ते नीट न ठेवल्याचा दंड रचनेला का द्यावा?

२००२ सालच्या व्हीटेक आवृत्तीबद्दल जुने अनुयायी अजून कडवटपणे बोलतात. दातेरी चक्रे गेली, साखळी परत आली, आणि कमी वेगात प्रत्येक सिलिंडरचे दोनच व्हॉल्व्ह चालून सुमारे सात हजार फेऱ्यांनंतर उरलेले दोन जागे होतील अशी रचना झाली. त्या जागे होण्याचा धक्का वळणात जाणवतो म्हणून पुढे तो वेग थोडा खाली आणून संक्रमण सौम्य केले गेले. सुराच्या शोकात मी सामील होत नाही. खरी अडचण हिशेबाची आहे: १६,००० मैलांवर व्हॉल्व्हची फट तपासावी असे पुस्तक सांगते, आणि व्हीटेकचे काम जास्त वेळखाऊ, म्हणून जास्त मजुरीचे, सबब पहिला धनी ते टाळतो, दुसरा धनी ते पहिल्याने केले असेल असे धरून चालतो, आणि तिसऱ्याच्या पदरी ते थकबाकीसह येते.

तेव्हा या घराण्यातील एखादी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकाने मीटरवरील आकड्याच्या मोहात पडू नये. आठ वर्षे झाकून ठेवलेल्या, कोणीही हात न लावलेल्या गाडीपेक्षा, रेक्टिफायर बदलल्याची, स्प्रिंगा घातल्याची, व्हॉल्व्ह तपासल्याची पावती ज्याच्या फायलीत आहे अशा माणसाची दुप्पट चाललेली गाडी मी डोळे मिटून पसंत करीन. सौद्याला जाताना खिशात साधा मल्टिमीटर न्यावा. इंजिन गरम झाल्यावर पाच हजार फेऱ्यांना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर ठीक. तेराच्या खाली किंवा पंधराच्या वर काटा गेला, तर पिवळ्या तारांची जोडणी उघडून दाखवण्यास सांगावे, आणि विकणारा त्याला तयार नसेल तर घरी परत यावे.